पदवी कोणत्या बाजूला चालते? सीमाभागातील उच्च शिक्षणाची पार्श्वभूमी

बेळगावात आज वैद्यकीय, अभियांत्रिकी, विधी अशा सर्व शाखांची महाविद्यालये आणि दोन राज्य विद्यापीठांची मुख्यालये आहेत. तरीही येथील मराठी घरांत पदवीच्या उपयोगाचा विषय निघाला की ती सीमेच्या कोणत्या बाजूला नोकरी देईल, हे आधी पाहिले जाते. हा व्यवहारी दृष्टिकोन शिक्षणाविषयीच्या अनास्थेतून आलेला नाही. विद्यापीठे बदलत गेली, त्या क्रमात त्याची मुळे आहेत.

बेळगाव मुंबई इलाख्यात असताना पदवीसाठी पुणे, कोल्हापूर, सांगली किंवा 1917 नंतर धारवाड गाठावे लागे. 1916 मध्ये स्थापन झालेल्या केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्थेने 1933 मध्ये लिंगराज महाविद्यालय काढले. पुढे 1939 मध्ये विधी महाविद्यालय आणि 1945 मध्ये राणी पार्वतीदेवी महाविद्यालय आले. ही सारी मुंबई विद्यापीठाची महाविद्यालये होती, त्यामुळे बेळगावचा पदवीधर मुंबईत किंवा पुण्यात कोणाच्याही बरोबरीने अर्ज करू शकत असे. ‘आमच्या आजोबांची बी.ए. मुंबईची’ हे अजूनही अभिमानाने सांगितले जाते, आणि त्या अभिमानात थोडी हळहळही असते.

1949 मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन होऊन लवकरच धारवाडला गेले आणि महाविद्यालयांची संलग्नता तिकडे वळली. तोवर राज्य एकच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला, आणि खरी अडचण तेथून सुरू झाली. सरकारी नोकरीसाठी कन्नडची अट आणि महाराष्ट्रात रहिवासाचा दाखला, या दोन्ही ठिकाणी मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाची गाडी अडू लागली. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर पालकांना दुसरा पर्याय दिसला. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय याचे बोलके उदाहरण आहे: निपाणी कर्नाटकात, महाविद्यालय महाराष्ट्रातील कागल तालुक्यात, आणि पदवी शिवाजी विद्यापीठाची.

बेळगावात 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ आल्याने धारवाडवरचे अवलंबन संपले. अंतर कमी झाले, पण मराठी तरुणाला पडणारा नोकरीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. उद्यमबाग या शहरातील औद्योगिक वसाहतीच्या फाउंड्री व यंत्रशाळांत आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्याला काम लवकर मिळते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र शहरातच असल्याने सैन्यभरतीची ओढही जुनी आहे. त्यामुळे बी.ए.ची तीन वर्षे परवडतील का, हा हिशेब ग्रामीण घरांत मांडला जातो. तो मांडणाऱ्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांत वाट ठेवली आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात ‘टाइप ई’ या प्रवर्गाखाली, वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवाराला अर्ज करता येतो. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित असल्याने, बारावीचा निकाल लागला की अनेक पालक दोन्ही राज्यांच्या प्रवेशाची कागदपत्रे एकाच वेळी जमवू लागतात.