शाळेची भीती की शाळेला दांडी?

हजेरीपटावर दोन्हींची नोंद एकच, गैरहजर. पण भीतीने घरी राहणाऱ्या मुलाला आणि दांडी मारणाऱ्या मुलाला लागणारी मदत जवळजवळ उलटी असते. म्हणून आधी एवढंच बघा: शाळेच्या वेळेत मूल कुठे असतं, आणि घरच्यांना ते ठाऊक असतं का?

घाबरलेलं मूल घरीच असतं. गणवेश घातलेला, दप्तर भरलेलं, आणि एसटी यायच्या वेळेला पोटात कळ, मळमळ, कधी उलटीसुद्धा. एसटी गेली की तासाभरात पेज जेवून ते अंगणात खेळायला लागतं. मग 'नाटकं करतो' असं घरात ठरून जातं. ती नाटकं नसतात. भीतीने पोट खरंच दुखतं आणि शाळा टळली की थांबतं. रविवारी संध्याकाळी, गणपतीची सुट्टी संपताना, पाचवी-आठवीत लांबच्या शाळेत जाताना हे उफाळून येतं. घरात आजारपण किंवा दारू असेल, चाकरमानी वडील नुकतेच मुंबईला परतले असतील, तर काही मुलांना आईला एकटं सोडायचीच धास्ती वाटते.

दांडीवाला वेळेवर घरातून निघतो, शाळेत पोचत नाही. जेट्टीवर किंवा क्रिकेटच्या मैदानात सापडतो, बहुधा जोडीदारांसोबत. पोटबिट दुखत नाही. यामागे वाचन-गणितात मागे पडणं असतं, नाहीतर कमाई: नारळी पौर्णिमेनंतर होड्या, एप्रिलात आंबा काढणी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात हातभार लावायची मुभा आहे.

भीती असेल तर डॉक्टरांकडून एकदा नीट तपासून घ्या: जंत, लघवीचा संसर्ग, रक्त कमी असणं. सगळं ठीक निघालं तर दर सोमवारी नवा डॉक्टर नको. देवाला गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण त्यापायी शाळेचे आठवडे जाऊ देऊ नका. घरी राहिलं की मुलाला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेनेच दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. परतणं पायरीपायरीने ठेवा. पहिले दोन-तीन दिवस एकच तास, ओळखीच्या बाई फाटकाशी उभ्या. मग मधल्या सुट्टीपर्यंत. मग पूर्ण दिवस. अडलं तर त्याच पायरीवर थांबा, घरी परत आणू नका. आईचा हात सुटत नसेल तर आजोबांनी किंवा मामाने पोचवावं, निरोप दोन वाक्यांत घ्यावा. घरी राहिलाच तर शाळा सुटेपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते भीतीला दांडी समजून मारत-ओढत नेल्याने. शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, आणि मारल्याने घाबरण्यासारखं आणखी एक कारण तयार होतं.

दांडीला हळूहळू परतणं लागत नाही. मूल आलं नाही की शाळेने त्याच दिवशी घरी फोन करावा. जिथे वाचन अडलंय तिथून शिकवायला घ्यावं, नाहीतर चार दिवसांत तो पुन्हा जेट्टीवर. कमाई लागत असेल तर घरच्यांशी पैशाबद्दल मोकळेपणी बोलावं.

दोन्ही एकत्रही असतं: वर्गात छळलं जाणारं मूल घरी सांगायला घाबरतं आणि बाहेर लपतं. मूल एकाच शिक्षकाला, एकाच रिक्षाला टाळत असेल तर लैंगिक त्रासाची शक्यता मनात धरून एकांतात, न दटावता विचारा. तसं काही कळलं तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर चोवीस तास मदत मिळते. जीव द्यायची भाषा किंवा स्वतःला इजा दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मुलाला एकटं सोडू नका.

बाकी सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखल न होता तपासून घरी जाता येतं. नावाला बिचकून मुलाचं वर्ष घालवू नका. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कुठल्या वारी दुखलं, किती वाजता थांबलं, आदल्या दिवशी शाळेत काय झालं.