मूट पॉइंट

मूट पॉइंट : ज्याच्या दोन्ही बाजूंनी जोरकस बोलता येते आणि ज्याचा निकाल लागलेला नसतो, अशा मुद्द्यासाठीचा इंग्रजी शब्दप्रयोग. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठीत तो मुख्यतः वकील आणि कायद्याचे विद्यार्थी वापरतात. कट्ट्यावर त्या जागी ‘डिबेटेबल’ किंवा सरळ ‘वादाचा मुद्दा’ येतो.

‘मूट’चे मूळ जुन्या इंग्रजीतल्या ‘गेमोट’ या शब्दात; त्याचा अर्थ सभा. नॉर्मन विजयापूर्वीच्या इंग्लंडमध्ये परगण्यापरगण्यात अशा सभा भरत आणि तंटे निवडत. आपल्याकडच्या गोतसभेची आठवण व्हावी असा हा प्रकार. (विहिरीवरच्या मोटेशी मात्र या शब्दाचे काही नाते नाही.) पुढे लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या संस्थांमध्ये शिकाऊ वकील काल्पनिक खटल्यावर वाद घालू लागले, त्या सरावाला ‘मूट’ म्हणत. असा वाद घालण्याजोगा मुद्दा तो मूट पॉइंट. आजच्या विधी महाविद्यालयांतले ‘मूट कोर्ट’ याच घराण्यातले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत मूट कोर्टाला 30 गुण आहेत. त्यामुळे बेळगावच्या विद्यार्थ्याला हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो परीक्षेच्या निमित्ताने.

खरी गंमत अर्थाच्या फाट्यावर आहे. सरावाच्या खटल्यात कुणाला काही मिळत नाही आणि कुणाचे काही जात नाही. अमेरिकेत हीच छटा वरचढ झाली आणि ‘मूट’ म्हणजे ‘आता ज्याच्या निकालाने काही फरक पडत नाही ते’ असा अर्थ रूढ झाला. 1974 च्या डीफ्युनिस खटल्यात विधी शाखेतला प्रवेश नाकारल्याची तक्रार होती. पण खालच्या न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळालेला तो विद्यार्थी तोवर शेवटच्या सत्रात पोचला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ‘मूट’ ठरवून मूळ प्रश्नाला हातच लावला नाही. भारतीय न्यायालयांत अशा वेळी ‘इन्फ्रक्चुअस’ (निष्फळ) हा शब्द जास्त चालतो. म्हणजे ‘मूट’ या एकाच शब्दाने एक जण ‘बोलायला जागा आहे’ म्हणतो, तर दुसरा ‘बोलून उपयोग नाही’.

सीमाभागात हा घोळ नुसता शब्दकोशातला राहत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले. जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात निपाणी, खानापूरसह काही भाग महाराष्ट्राला द्यावा, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. 2004 मध्ये त्याने संविधानाच्या अनुच्छेद 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. कर्नाटकाची भूमिका अशी की महाजन अहवालाने विषय मिटला आहे आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद 3 प्रमाणे संसदेचा आहे. तेव्हा एका बाजूला प्रश्न पहिल्या अर्थाने मूट, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या अर्थाने. वाद शिल्लक आहे की नाही, हाच इथला वाद. म्हणून सीमाप्रश्नाबद्दल बोलताना हा शब्दप्रयोग टाळलेला बरा. बोलणारा कुठल्या अर्थाने बोलला यावरूनच त्याची बाजू ठरवली जाण्याची शक्यता.

मराठी पर्याय आहेत, पण प्रत्येकाला स्वतःचा वास आहे. ‘वादग्रस्त’मध्ये दोष डोकावतो, ‘ग्रस्त’ म्हटले की पूरग्रस्त आठवतात. ‘विवाद्य’ नेमका आहे, पण तो संपादकीयाबाहेर फारसा पडत नाही. दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 14 प्रमाणे न्यायालय जे ‘मुद्दे’ काढते, ते वेगळे; ते निकाल देण्यासाठीच काढलेले असतात. शेजारच्या कन्नडमध्ये ‘चर्चास्पद’ सर्रास चालतो. ‘संशयास्पद’, ‘हास्यास्पद’ पचवलेल्या मराठीला तो जड जाऊ नये. प्रस्तुत लेखकाला तो आवडतो, आणि सीमाभागानेच तो मराठीत आणला तर त्यात औचित्यही आहे.

‘म्यूट पॉइंट’ हा उच्चार चुकीचा आहे. ‘म्यूट’ म्हणजे मुका. ऑनलाइन बैठकांनी तो शब्द घरोघरी नेला, तेव्हापासून ही गल्लत अधिकच सोपी झाली आहे.