जुने अनड्युलेटर, नवे वलय

इंदूरच्या राजेंद्रनगर भागातले जुने रहिवासी राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला अजूनही ‘कॅट’च म्हणतात. तेथील इंडस-२ या १७२ मीटर परिघाच्या साठवण वलयात इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेने फिरतात. सुरुवातीला वळणावरच्या चुंबकांपाशी निघणाऱ्या प्रकाशावरच तेथील प्रयोग चालत; अनड्युलेटर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना नागमोडी चालवून प्रकाश काढणाऱ्या चुंबकांच्या रांगा, नंतर बसले. आता ६ जीईव्हीच्या नव्या यंत्राचा विचार पुढे आल्यामुळे, वापरलेल्या अनड्युलेटरचे पुढे काय करतात हा प्रश्न इंदूरकरांनाही परका राहिलेला नाही.

समोरासमोरच्या दोन रांगांत चुंबकांचे ध्रुव आलटून पालटून मांडले की मधून जाणारा इलेक्ट्रॉन नागमोडी चालतो आणि प्रकाश देतो. ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ गिन्झबर्ग यांनी १९४७ मध्ये मांडली व हान्स मोट्झ यांनी १९५३ मध्ये स्टॅनफर्डला पडताळून दाखवली; मात्र तिचा प्रसार झाला तो १९८०च्या सुमारास क्लाउस हालबाख यांनी कायमचुंबकांची रचना सिद्ध केल्यावर. कायमचुंबकाला वीज लागत नाही, पण ‘कायम’ हा शब्द थोडा सैलच घ्यावा लागतो, कारण भरकटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने चुंबकत्व हळूहळू उतरते. अमेरिकेत अर्गोन येथील एपीएस या अशाच साठवण वलयात हे प्रत्यक्ष दिसून आले.

म्हणून जुना अनड्युलेटर आधी मोजणीच्या बाकावर चढतो. चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल प्रोब चुंबकांच्या रांगांमधून सरळ रेषेत सरकवून क्षेत्राचा आलेख काढतात, आणि जिथे एखादा ध्रुव कमी पडतो तिथे कागदासारखा पातळ लोखंडी पत्रा चिकटवून तो सावरतात. चुंबक फारच उतरले असतील, तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

तरीही चुंबक धडधाकट असणे पुरेसे नाही, कारण प्रकाशकणांची ऊर्जा वलयाच्या ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. एपीएसचे वलय नव्याने बांधताना ऊर्जा ७ वरून ६ जीईव्हीवर आणली, तेव्हा त्याच अनड्युलेटरच्या प्रकाशकणांची ऊर्जा चौथ्या हिश्शाहून थोडी जास्तच घटणार होती. उपाय म्हणून जुने सांगाडे आणि दोन रांगांमधली गॅप बदलणारी यंत्रणा राखून त्यांवर आखूड आवर्तनाच्या, म्हणजे ध्रुवांची जोडी कमी अंतरात पुन्हा येणाऱ्या आणि म्हणून प्रकाशकणांची ऊर्जा वाढवणाऱ्या, नव्या चुंबकरांगा चढवण्याचा मार्ग निवडला गेला. खर्चाचा मोठा वाटा त्या जड, काटेकोर सांगाड्यात असतो, हे पाहता निवड शहाणपणाची वाटते.

जॉर्डनमधील सेसमे या प्रकाशस्रोताची गोष्ट सोपी होती. २०१७ मध्ये उद्घाटन झालेल्या या २.५ जीईव्ही वलयाला स्विस लाइट सोर्सने, त्यावरचे प्रयोग अनड्युलेटरवर हलवल्यानंतर, आपला विगलर (अनड्युलेटरचाच अधिक तीव्र चुंबकांचा भाऊबंद) दिला. स्विस वलय तेव्हा २.४ जीईव्हीचे, त्यामुळे ऊर्जेतला फरक किरकोळ होता.

इंडस-२मधला अनड्युलेटर ६ जीईव्हीच्या वलयात नेला, तर तेवढ्याच आवर्तनाला आणि गॅपला प्रकाशकणांची ऊर्जा सुमारे पावणेसहा पट होईल. म्हणजे इंदूरची अडचण अर्गोनच्या नेमकी उलट बाजूची आहे.