न्यूझीलंडची एमआयक्यू: देशात शिरायची परवानगी वेगळी, खोली वेगळी

कोविडमुळे 19 मार्च 2020 च्या रात्री न्यूझीलंडने परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केली. नागरिक आणि कायम निवासी परवाना असलेले परत येऊ शकत होते, पण एप्रिलपासून प्रत्येकाला सरकारी देखरेखीखालच्या हॉटेलात 14 दिवस विलगीकरणात राहणं भाग होतं. हीच एमआयक्यू, म्हणजे मॅनेज्ड आयसोलेशन अँड क्वारंटाइन.

इतरांसाठी अपवादाचे ठरावीक मार्ग होते: नागरिकाचा वा निवाशाचा जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं, अत्यावश्यक कामगार, मानवतेची कारणं. आधी इमिग्रेशन खात्याकडे विनंती करायची, ती मान्य झाली तरच व्हिसाचा अर्ज. जोडीदाराच्या बाबतीत नात्याचे पुरावे जोडावे लागत.

खरी अडचण यापुढे. नोव्हेंबर 2020 पासून एमआयक्यूचं व्हाउचर, म्हणजे हॉटेलातली खोली राखून ठेवल्याचा दाखला, असल्याशिवाय विमानात बसूच देत नसत. म्हणजे पासपोर्ट न्यूझीलंडचा असला, तरी खोली मिळेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. सुरुवातीला लोक दिवसरात्र संकेतस्थळ रिफ्रेश करत बसायचे. सप्टेंबर 2021 मध्ये आभासी 'लॉबी' आली: ठरलेल्या वेळी आत शिरायचं, मग संगणक कोणालाही कोणताही क्रमांक देणार. पहिल्याच फेरीत 3 हजारांच्या आसपास खोल्या आणि रांगेत 30 हजारांहून अधिक माणसं! सोडतच म्हणायची, म्हाडाचीच आठवण व्हावी अशी. जवळचं माणूस अखेरच्या घटका मोजत असेल, तर तातडीच्या कोट्यात कागदपत्रांसह वेगळा अर्ज करता येई, पण तिथेही मंजुरीची खात्री नसे.

कागदपत्रं त्या मानाने सोपी. पासपोर्ट, लागू असल्यास व्हिसा, व्हाउचर आणि जानेवारी 2021 नंतर बहुतेक देशांतून येणाऱ्यांना निघण्यापूर्वीच्या 72 तासांतल्या कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल. नोव्हेंबर 2021 पासून 17 वर्षं आणि त्यावरील परदेशी नागरिकांना पूर्ण लसीकरणाचा पुरावाही लागे. हॉटेल निवडता येत नसे. ऑकलंडला उतरलेल्यांना बसने हॅमिल्टन किंवा रोटोरुआलाही नेत.

ऑगस्ट 2020 पासून शुल्कही सुरू झालं. खोलीतल्या पहिल्या प्रौढाला 3,100 न्यूझीलंड डॉलर, दुसऱ्याला 950, 3 ते 17 वयाच्या मुलाला 475. तात्पुरत्या व्हिसावरच्या पहिल्या प्रौढाला मार्च 2021 पासून 5,520. नियम लागू होण्याआधी देशाबाहेर गेलेल्या आणि दीर्घकाळ राहायला परतणाऱ्या नागरिकांना, निवाशांना सूट होती. बाकीच्यांना आर्थिक हलाखी दाखवून माफी मागता येई.

भारतातून येणाऱ्यांना आणखी एक फटका बसला. 11 ते 28 एप्रिल 2021 या काळात नागरिकांनाही थेट प्रवेश बंद. त्यानंतर नागरिक आणि त्यांचं जवळचं कुटुंब येऊ लागलं, पण नुसता निवासी परवाना असलेल्याला आधी तिसऱ्या देशात 14 दिवस काढावे लागत. पुण्या-मुंबईत आईवडिलांना भेटायला गेलेल्या माणसाने हा जादा खर्च कुठून काढायचा, याचं उत्तर नियमावलीत नव्हतं.

मार्च 2022 च्या सुरुवातीला लसवंत प्रवाशांची या हॉटेलांतून सुटका झाली. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की विलगीकरण समर्थनीय होतं, पण व्यक्तीची निकड न बघता खोल्यांची सोडत काढल्याने 2021 च्या अखेरच्या महिन्यांत काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर गदा आली.