कामकरी माशी जीव का देते, या प्रश्नाची जुनी गोष्ट

मधमाशी चावली की तिची नांगी आपल्या कातडीत रुतून बसते, माशी उडायला जाते आणि पोटाचा तुकडाच तुटून मागे राहतो, विषाची पिशवी त्यानंतरही थोडा वेळ एकटीच धडधडत विष सोडत असते. माशी मरते, पोळं वाचतं. पण ही कामकरी माशी, तिला स्वतःची पोरंबाळं नसतातच जवळजवळ, मग जीव द्यायचा हा गुण पुढच्या पिढीत जातो तरी कसा?

डार्विनला याच प्रश्नाने छळलं होतं, एका क्षणी त्याला वाटलं आपली नैसर्गिक निवडीची अख्खी थिअरीच कोसळते की काय. १८५९ च्या पुस्तकात त्याने उत्तर दिलं ते मात्र एकदम शेतकऱ्याचं: चवदार भाजी आपण शिजवून खातो, ती संपली, पण माळी त्याच वाणाचं बी परत पेरतो ना! म्हणजे निवड एकट्याची नाही, घराण्याची होते. जनुकं वगैरे शब्द तेव्हा नव्हतेच, तरी नेम बरोबर लागला होता.

आकडे यायला शंभर वर्षं लागली. सख्ख्या भावाबरोबर निम्मी जनुकं जुळतात, चुलत-मामे भावंडांबरोबर आठवा हिस्सा, म्हणून ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेन म्हणे मजेत म्हणायचा की दोन सख्खे भाऊ किंवा आठ चुलत भाऊ वाचत असतील तर मी नदीत उडी मारेन. (हा माणूस पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.) त्याच वर्षी इंग्लंडात हॅमिल्टन नावाच्या पोराने हे सगळं रीतसर गणितात मांडलं. मधमाश्यांचे नर फलन न झालेल्या अंड्यातून होतात, म्हणजे बापाकडे जनुकांचा एकच संच, तो प्रत्येक मुलीला जसाच्या तसा मिळतो, त्यामुळे एका बापाच्या बहिणी-बहिणींत नातं निम्मं नाही तर पाऊण! पोटच्या मुलीपेक्षा बहीण जवळची. हिशोब इतका चपखल बसला की लोक खूशच झाले.

नातंच नसेल तर काय, यावर १९७१ मध्ये ट्रिव्हर्स नावाच्या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने ‘आज मी तुला, उद्या तू मला’ हे सांगितलं, ते आपल्याला शेजारधर्मामुळे आधीच माहीत असतं.

पण पाऊणवाला हिशोब टिकला नाही, कारण मधमाश्यांची राणी एक सोडून बऱ्याच नरांशी जुळते. आपल्याकडच्या एका गांधीलमाशीवर, रोपालिडिया मार्जिनाटा, बंगळुरूला राघवेंद्र गदगकरांनी वर्षानुवर्षं काम केलं, तिथेही बहिणींचं नातं पाऊणच्या बरंच खाली निघालं. त्यांचं म्हणणं मला जास्त पटतं: गांधीलमाशीने एकटीने घर मांडलं आणि पोरं वाढायच्या आधी ती मेली तर सगळंच बुडालं, मोठ्या घरात राबली तर तिचं अर्धवट काम दुसरी कोणीतरी पुरं करते. आणि या बाया काही कायमच्या मोलकरणी नाहीत. राणी काढून घेतली की त्यांच्यातलीच एक लगेच बाकीच्यांवर धावून जायला लागते, आणि आठवडाभरात अंडी घालते.