घरमालक दुरुस्ती करत नसेल तर काय करायचं : नोटीस, कागदपत्रं आणि कोर्टातला अर्ज (महाराष्ट्र)

पाऊस सुरू झाला की छत गळतं, संडासची लाइन तुंबते, भिंतीत ओल मुरून स्विचबोर्डला हात लावला की झटका बसतो, आणि मालकाला फोन केला की "बघतो", "माणूस पाठवतो" एवढंच ऐकायला मिळतं. मग भाडेकरू एकतर वर्षभर बादल्या लावत बसतो नाहीतर चिडून भाडं थांबवतो. भाडं थांबवायचं नाही हे सगळ्यात आधी डोक्यात ठेवा, कारण भाडं थकलं की मालकाला घर खाली करायला आयतं कारण मिळतं आणि तुमची गळती बाजूलाच राहते. कायद्यात यासाठी सरळ रस्ता दिलाय, फक्त तो लेखी जातो, तोंडी नाही.

आधी बघा तुमचा कागद कुठला आहे, कारण सगळी पात्रता त्यावर ठरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (लागू ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की घर राहण्यालायक स्थितीत ठेवायला मालक बांधील आहे. पण हे "भाडेकरू"साठी आहे, म्हणजे पागडीवाले (सुरुवातीला एकरकमी मोठे पैसे देऊन नंतर नाममात्र भाड्यावर राहणारे), जुन्या चाळी-वाड्यातले पावतीवाले, किंवा ज्यांचा रीतसर भाडेकरार आहे ते. आणि त्यातही "भाडेकरूने वेगळं कबूल केलेलं नसेल तर" अशी अट आहे, त्यामुळे करारात "सगळी दुरुस्ती भाडेकरू करेल" असं एखादं वाक्य गेलंय का ते आधी नीट वाचा.

११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीत, परवानाधारक आहेत, आणि हे बऱ्याच जणांना वाद झाल्यावरच कळतं. तुमच्यासाठी कलम १४ नाही, तुमचा आधार म्हणजे करार. बहुतेक करारांत किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याकडे आणि मोठी मालकाकडे असं असतं, पण मोठी म्हणजे काय ते कुणीच लिहीत नाही, म्हणून सही करतानाच गळती, वायरिंग, ड्रेनेज, गीझर ही नावं घालून घ्या. करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे आणि त्याने तो केला नसेल तर अटींबद्दल तुम्ही जे सांगाल तेच धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. एजंटच्या मागे फार लागू नका, त्याने ब्रोकरेज घेतलं आणि तो मोकळा झाला, करारावर सही मालकाची असते आणि नोटीसही त्यालाच जाते, एजंटला हवी तर प्रत द्या. आणि करार संपल्यावर "दुरुस्ती करून दे मग जातो" म्हणत अजिबात राहू नका, मुदतीनंतर दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात.

कागदपत्रं काय लागतात? करार किंवा भाडेपावत्या (पावती देणं कलम ३१ प्रमाणे मालकाला सक्तीचं आहे, देत नसेल तर बँकेतून भाडं भरा म्हणजे नोंद राहते), लाइट बिल, आधार, नुकसानीचे तारखेसकट फोटो-व्हिडिओ, मालकाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप बोलणं, आणि प्लंबर, गवंडी किंवा इलेक्ट्रिशियनकडून कोऱ्या कागदावर का होईना पण सहीचं अंदाजपत्रक. दोन माणसांकडून घेतलंत तर जास्त बरं. मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका.

मग नोटीस. वकील लागतोच असं नाही, भाडेकरू स्वतः देऊ शकतो, आणि एकाच छताखालचे चार-पाच भाडेकरू मिळूनही देऊ शकतात, खरंतर तेच चांगलं, मालकाला एकट्या माणसाला दाबणं सोपं जातं. मजकूर साधा ठेवा, चिडचिड नको. साधारण असा :

"मी आपल्या मालकीच्या अमुक पत्त्यावरील खोली क्र. … मध्ये सन … पासून भाडेकरू आहे व भाडे नियमित भरत आहे. दि. … पासून स्वयंपाकघराचे छत गळत असून स्लॅबचे प्लास्टर पडत आहे. फोटो व अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ कलम १४ नुसार ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करावी, अन्यथा मी स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करीन. पाहणीसाठी कळवून केव्हाही यावे."

ते शेवटचं वाक्य नक्की घाला, कारण "मला घरात येऊच दिलं नाही" हे मालकाचं पहिलं उत्तर असतं. नोटीस कमीत कमी १५ दिवसांची पाहिजे. पोस्टाने पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय), पोचल्याचा पुरावा काढून ठेवा आणि तीच पीडीएफ ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. मालकाने पाकीट घेतलं नाही तर ते "घेण्यास नकार" शेऱ्यासकट परत येतं, ते न फोडता तसंच ठेवा.

मुदत गेली आणि काहीच झालं नाही तर तुम्ही (म्हणजे कलम १४ लागू असलेले भाडेकरू) स्वतः काम करून घेऊ शकता आणि खर्च भाड्यातून कापू शकता. तुम्ही ठेवलेला हिशोब आणि बिलं मालकावर बंधनकारक असतात, म्हणून सिमेंटच्या गोणीपासून मजुरीपर्यंत सगळ्याची सहीची बिलं घ्या. पण मर्यादा आहे, एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. पागडीवाल्यांचं खरं दुखणं इथेच आहे. महिन्याला ३०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ३६००, म्हणजे वसूल होणार ९०० रुपये, आणि गवंडी मागतो २०,०००. मालकाला हे गणित पाठ असतं म्हणून तो गप्प बसतो. तरी नोटीस द्याच, कारण पुढे कोर्ट असो की पालिका, मालकाला कळवलं होतं का हाच पहिला प्रश्न येतो. आणि दुरुस्ती करताना हौसेने जास्त काही बांधू नका, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर त्यावरून घर जाऊ शकतं. ओटा, लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग असल्या गोष्टी पक्क्या बांधकामात धरत नाहीत, भिंत सरकवणं किंवा वर पोटमाळा चढवणं ही वेगळी गोष्ट.

पाणी किंवा लाइटच तोडली असेल तर १५ दिवस थांबायची गरज नाही, तिथे कलम २९ लागतं. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई या अत्यावश्यक सेवा आहेत आणि योग्य कारणाशिवाय मालकाला त्या बंद करता येत नाहीत. मालकाने बिल न भरल्यामुळे पालिकेने पाणी तोडलं तरी तो मालकाचाच दोष धरतात. भाडेकरूने थेट कोर्टात अर्ज करायचा, आणि घर खाली करून घ्यायला किंवा भाडं वाढवून घ्यायला हे चाललंय असं कोर्टाला दिसलं तर मालकाला नोटीस न काढताही अंतरिम आदेश होऊ शकतो. मुंबईत हे अर्ज लघुवाद न्यायालयात (धोबी तलाव, उपनगरांसाठी वांद्रे), बाकी ठिकाणी लघुवाद न्यायालय असेल तर तिथे नाहीतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरून किंवा गच्चीतून गळत असेल तर गच्ची आणि बाहेरच्या पाइपची दुरुस्ती सोसायटीकडे येते, पण सोसायटी भाड्याने राहणाऱ्याचं पत्र फारसं मनावर घेत नाही, सभासद म्हणून मालकालाच लिहायला लावा.

आणि प्लास्टर नाही तर बीमच तडकलाय, जिना हलतोय, टेकू लावलेत अशी अवस्था असेल तर मालकाशी पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. मुंबईत १९१६ वर फोन करा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, पालिका मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस काढू शकते (बाकी महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याचं कलम २६४). धोकादायक इमारतींचे पालिका वर्ग पाडते, त्यात सी-१ मध्ये गेलेली इमारत रिकामी करावीच लागते, सी-२ ए, सी-२ बी मध्ये मोठी दुरुस्ती, सी-३ मध्ये किरकोळ. रिकामी करायची वेळ आली तर निघण्याआधी आपल्या खोलीच्या क्षेत्रफळाची नोंद पालिकेकडून लेखी घ्या, ती नसेल तर पुनर्विकासात हक्क सांगताना फार त्रास होतो. मुंबई शहर भागातली सप्टेंबर १९६९ अखेरपर्यंतची उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी) इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कार्यकारी अभियंत्याकडे रहिवाशांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, मंडळाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा असते, तिच्यावरचा भार मालक-रहिवाशांवर येतो हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांनाही मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाचा दाखला लागतो. जाताना नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि फोटोंच्या प्रिंट सोबत न्या.