मालावर मजुरी: गिरण्यांपासून चालत आलेला वाद

पगारपत्रकात 'व्हेरिएबल पे'चा, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या पगाराचा, रकाना दिसला की हे खूळ आयटी कंपन्यांनी आणले असे अनेकांना वाटते. मुंबईच्या गिरण्यांत यावरून शंभर वर्षांपूर्वीच रणे माजली होती.

सूतखात्यात बहुतेकांना बांधलेला पगार, साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर (साच्यांवर), विणकराला निघेल त्या मालावर मजुरी. ऐकायला चोख. पण माल किती निघणार हे एकट्या विणकराच्या हाती कुठे होते? कापूस हलका असला की सूत कच्चे, सूत कच्चे की धागा सारखा तुटणार, आणि साचा थांबला की मजुरीही थांबणार. वर कापडात खोट निघाली तर दंड. कधी ते खराब कापडच विणकराच्या गळ्यात मारून किंमत पगारातून कापून घेत. हलका कापूस घेणाऱ्याला दंड नसे! १९३६ च्या वेतन कायद्याने अखेर दंडावर रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली.

साचेखात्यात कमाई बरी, पण ते काम शिकण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तेवढ्यावरून विटाळाचे निमित्त करून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. कौशल्याप्रमाणे दाम या तत्त्वावर याहून नेमके बोट क्वचितच कोणी ठेवले असेल.

तो संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. एका माणसाने जास्त साचे सांभाळावेत ही मालकांची योजना त्याच्या मुळाशी होती. पुढे सरकारने नेमलेल्या फॉसेट चौकशी समितीने मजुरीचे दर एकसारखे करण्याच्या प्रस्तावांची छाननी केली, पण खरी घडी बसली ती १९४७ मध्ये. औद्योगिक न्यायालयाने २६ दिवसांच्या कामाला किमान ३० रुपये मूळ पगार ठरवला, त्यावर कामानुसार श्रेण्या आणि महागाई भत्ता वेगळा.

बोनसचा घोळ निराळाच. १९२४ च्या संपाच्या वेळी चौकशी समितीने कामगारांचा त्यावर हक्कच नाही असे सांगितले. १९६५ च्या कायद्याने तो हक्क दिला. १९७६ मध्ये त्यात ३१-अ कलम आले. नफ्याऐवजी उत्पादन किंवा उत्पादकतेशी जोडलेला बोनस त्यामुळे देता येऊ लागला, कमाल २० टक्के. उत्पादकता मोजायची कशी, हे मात्र मालक आणि कामगारांच्या करारावरच सोडले गेले.